मुलाच्या वेगाने दिल्ली

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली, की करोल बागेतल्या मराठी घरांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. बँक स्ट्रीट, बीडनपुरा या गल्ल्यांमध्ये सोने-चांदी गाळण्याच्या आणि दागिने घडवण्याच्या धंद्यात विटा, खानापूर, आटपाडी भागातली कुटुंबे स्थिरावली आहेत. काका, मामा, मेहुणे यांच्याकडे उतरायचे आणि दिल्ली पाहायची, हा गावाकडच्यांचा नेहमीचा बेत. ज्यांचे इथे कुणी नाही, तेही मेट्रो जवळ आहे म्हणून करोल बागेतल्याच एखाद्या हॉटेलात मुक्काम करतात.

मोठ्यांना लाल किल्ला पाहायचा असतो, मुलांना राइडमध्ये बसायचे असते. पण घरातले एखादे मूल स्वमग्न असेल, व्हीलचेअरवर असेल, त्याला फिट येत असतील किंवा बौद्धिक वाढ हळू असेल, तर बेत तिथेच अडतो. ‘त्याला कुठे एवढ्या गर्दीत नेता’ असे कुणीतरी म्हणते आणि आई मुलाला घेऊन घरी थांबते. थोडी आधी तयारी केली, तर बहुतेक वेळा असे थांबावे लागत नाही. ठिकाणांची यादी करण्याआधी मुलाचा दिवस कागदावर मांडायचा आणि प्रत्येक ठिकाणाहून लवकर परतण्याची सोय आधीच ठरवायची, ही त्या तयारीची दोन सूत्रे. पुढचा सगळा तपशील त्यांच्यातूनच येतो.

दिल्लीतल्या बागा आता लांब आहेत

चाळिशी ओलांडलेल्या पाहुण्यांना दिल्ली म्हटले की अप्पू घर आठवते. १९८२च्या आशियाई खेळांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव घेऊन ही बाग १९ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रगती मैदानात सुरू झाली. देशातली ही पहिली मोठी मनोरंजन बाग. २००८मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागेवर सर्वोच्च न्यायालयाचा विस्तार झाला. आज मेट्रोच्या ब्लू लाइनवरच्या तिथल्या स्थानकाचे नावही सुप्रीम कोर्ट असे आहे.

शहराच्या मधोमध असलेली बाग गेल्यावर मोठ्या राइडच्या बागा नोएडा, रोहिणी, कापसहेडा अशा कडेच्या भागांत राहिल्या. त्यामुळे दिल्लीत राइडचा दिवस म्हणजे जाण्यायेण्याचाही दिवस. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी हा प्रवासच निम्मी शक्ती घेतो, हे धरून बेत करावा. चार दिवसांच्या मुक्कामात मोठ्या बागेचा दिवस एकच ठेवा, तोही मधला. पहिला दिवस प्रवासाचा शीण काढायला आणि शेवटचा परतीच्या तयारीला मोकळा सोडा.

आधी मुलाचा दिवस लिहा

घरी असताना मूल किती वाजता उठते, कधी जेवते, कोणत्या वेळी चिडचिडे होते, गोळी किती वाजता घेते, शौचाला किती वेळ लागतो, हे सलग आठवडाभर लिहून ठेवा. सोबत आणखी तीन गोष्टी नोंदवा. अनोळखी ठिकाणी ते किती वेळ निवांत राहते? कोणता आवाज, वास किंवा स्पर्श त्याला असह्य होतो? आणि बिघडले तर कशाने सावरते?

या नोंदीवरून दिवसाचा आकार ठरतो. मूल सकाळी ताजेतवाने असेल, तर बाग उघडताना दारात पोहोचा आणि जेवणाच्या वेळेला बाहेर पडा. दुपारी झोपणारे मूल असेल, तर दुपार करोल बागेतल्या खोलीवर काढून संध्याकाळी जवळच्या ठिकाणी जा. तिकीट दिवसभराचे आहे म्हणून दिवसभर थांबायचे, हा हिशेब इथे चालत नाही. दोन तास आनंदात गेले, की तिकीट वसूल झाले असे समजा.

महिना आणि वार

दिल्लीचा उन्हाळा एप्रिलपासूनच तापतो. मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो. उष्णतेने ज्यांना फिट येतात किंवा घाम येण्याची, तहान सांगण्याची अडचण आहे, अशा मुलांना तेव्हा उघड्यावरच्या बागेत नेऊ नये. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण त्याच सुमारास दिल्लीची हवा सर्वांत वाईट असते. दमा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर ती वेळ टाळावी. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीत धुके असते, गाड्या आणि विमाने तासन्‌तास उशिरा धावतात. वाट पाहणे ज्याला जमत नाही, त्या मुलासाठी हा त्रास मोठा. २६ जानेवारीच्या आसपास बंदोबस्तामुळे रस्ते बंद असतात.

उरतात फेब्रुवारी, मार्चचा पहिला भाग आणि पावसाळा सरल्यावरचा ऑक्टोबर. फेब्रुवारी विशेष चांगला. थंडी ओसरलेली असते आणि इथल्या शाळांच्या परीक्षा जवळ आल्याने बागांत गर्दी कमी असते. वार मंगळवार ते गुरुवार असावा. सोमवारी रेल्वे संग्रहालय, बाहुल्यांचे संग्रहालय आणि अक्षरधाम बंद असतात, शुक्रवारी प्राणिसंग्रहालय. करोल बागेतली दुकानेही सोमवारी बंद असतात.

रेल्वेने येताना

सांगली-साताऱ्याकडच्यांना मिरज, पुण्यावरून निजामुद्दीनला येणारी गोवा एक्सप्रेस ओळखीची आहे. प्रवास मोठा असतो, पण चालता-फिरता येते, घरचा डबा खाता येतो. ज्याला दिवसभर खिडकी आणि गाडीचा ठेका आवडतो, असे मूल विमानापेक्षा इथे रमते.

रेल्वेत काही गटांना भाड्यात सवलत आहे: सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग आणि बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि पूर्ण मूकबधिर. पहिल्या तीन गटांना स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, टू-एसी आणि फर्स्ट एसीत ५० टक्के, राजधानीच्या थ्री-एसीत २५ टक्के सवलत मिळते. सोबत्यालाही तेवढीच. स्वमग्नतेचे नाव या यादीत वेगळे नाही, म्हणून प्रमाणपत्रात बौद्धिक दिव्यांगत्वाचा उल्लेख आहे का ते पाहा. सवलतीचे तिकीट ऑनलाइन काढण्यासाठी रेल्वेचे स्वतःचे दिव्यांगजन ओळखपत्र लागते. ते सरकारी रुग्णालयाच्या, रेल्वेच्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर मिळते आणि त्याला वेळ लागतो. तिकिटाच्या आधी त्यामागे लागा.

विमानाने येताना

व्हीलचेअर किंवा इतर मदत हवी असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. मे २०२२मध्ये रांची विमानतळावर एका विशेष मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा विमान वाहतूक नियामक डीजीसीएने संबंधित कंपनीला पाच लाखांचा दंड केला. त्यानंतर नियम सुधारला. दिव्यांगत्वाच्या कारणावरून कंपनी प्रवास नाकारू शकत नाही. प्रवासात तब्येत बिघडेल असे तिला वाटत असेल, तर विमानतळावरच्या डॉक्टरांचे मत घ्यावे लागते आणि मगच निर्णय होतो. मोबाइलमध्ये हा नियम उतरवून ठेवा.

बाहेरून न दिसणाऱ्या दिव्यांगत्वासाठी सूर्यफुलाची हिरवी गळपट्टी ही खूण २०१६मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. दिल्ली आणि बंगळुरूच्या विमानतळांनीही ती स्वीकारली आहे. गळ्यात ती असली, की या मुलाला जास्त वेळ लागेल हे कर्मचाऱ्याला न सांगता कळते.

करोल बागेत खोली घेताना

इथली बरीच हॉटेले अरुंद प्लॉटांवर उभी आहेत. दारात तीन-चार पायऱ्या आणि आत छोटी लिफ्ट, हे नेहमीचे चित्र. ‘लिफ्ट आहे का’ एवढे विचारून भागत नाही. साधी घडीची व्हीलचेअर साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून लिफ्टच्या आणि बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून सांगायला लावा. प्रवेशद्वार, लिफ्ट आणि बाथरूम यांचा छोटा व्हिडिओ मागवा.

खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर घ्या, आणि दुसरा जिना कुठे उघडतो ते आल्या आल्या स्वतः जाऊन पाहा. १२ फेब्रुवारी २०१९च्या पहाटे करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली आणि १७ जणांचा जीव गेला. आगीत लिफ्ट वापरता येत नाही. ज्याला उचलून न्यावे लागते अशा मुलाच्या पालकांनी मजल्याचा विचार याच अंगाने करावा.

रस्त्याकडेची खोली टाळा. रात्री उशिरापर्यंत हॉर्न आणि पहाटे सामान उतरवण्याचे आवाज असतात. नातेवाइकांकडे उतरत असाल, तर एक कोपरा मुलासाठी राखून ठेवायला आधीच सांगा. तिथे त्याची चादर, त्याची खेळणी, आणि पाहुण्यांची ये-जा नाही.

दवाखान्यांच्या दृष्टीने हा भाग सोयीचा आहे. सर गंगाराम रुग्णालय जुन्या राजेंद्रनगरात, बी. एल. कपूर रुग्णालय पुसा रोडवर आणि लहान मुलांसाठीचे सरकारी कलावती सरण रुग्णालय कॅनॉट प्लेसजवळ आहे. मुलाच्या डॉक्टरांकडून एका पानाचा सारांश इंग्रजीत घेऊन ठेवा: निदान, औषधे आणि मात्रा, अ‍ॅलर्जी, फिट आल्यास काय करायचे.

मेट्रोचा सराव

करोल बाग स्थानक ब्लू लाइनवर आहे आणि उंचावर आहे. लिफ्ट आहे, व्हीलचेअर जाईल असे रुंद दार आहे, दृष्टिहीनांसाठी उंचवट्याच्या फरश्या आहेत. दिल्ली मेट्रोत या सोयी सुरुवातीपासून आल्या, त्यामागे दिव्यांग हक्कांसाठी झगडणाऱ्यांचा आग्रह होता. त्यातले जावेद आबिदी हे ठळक नाव. जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा त्यांच्यासाठी कुतुबमिनारसारख्या वास्तूंत लाकडी उतार बसवावे लागले होते. इतरांचे काय, हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला.

स्वमग्न मुलाची खरी परीक्षा असते ती मेट्रोत शिरतानाच्या झडतीच्या वेळी. अनोळखी माणूस अंगावर हात फिरवतो, पिशवी पट्ट्यावरून आत नाहीशी होते. घरी हे खेळासारखे करून पाहा: दोन्ही हात पसरायचे, दहापर्यंत मोजायचे, झाले. मुलाचे आवडते खेळणे पिशवीत ठेवायचे असेल तर ते दुसऱ्या बाजूला परत मिळते, हेही दाखवा. जवानाला आधी सांगितले, तर बहुधा पालकाला शेजारी उभे राहू देतात.

पहिल्या संध्याकाळी फक्त दोन स्थानकांचा फेरा मारा. झंडेवालान आणि करोल बाग यांच्यामध्ये गाडीतून उंच हनुमानाची मूर्ती दिसते, तेवढे निमित्त पुरते. ९० सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. मेट्रोची मदतवाहिनी १५५३७०. सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळा टाळा. राजीव चौकात गाडी बदलायची वेळ येणार नाही अशीच ठिकाणे आधी निवडा.

कुठे जावे

मोठ्या बागेच्या आधी एखादे छोटे ठिकाण करा. तिथे मूल कसे वागते, त्यावर पुढचा बेत ठरवता येतो.

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, चाणक्यपुरी. १९७७मध्ये सुरू झालेले. उघड्यावर उभी इंजिने आणि डबे, मध्ये मोकळी जागा, आणि फेरी मारणारी छोटी गाडी. आगगाडीचे वेड असलेल्या मुलांना राइडचा आनंद इथे कमी गोंगाटात मिळतो. करोल बागेतून टॅक्सी सोयीची.

शंकर्स इंटरनॅशनल डॉल्स म्युझियम, बहादूरशाह जफर मार्ग. व्यंगचित्रकार शंकर यांनी उभारलेले, ३० नोव्हेंबर १९६५ला खुले झालेले. जगभरच्या सहा हजारांहून जास्त बाहुल्या काचेआड आहेत. शांत, छताखाली, तासाभरात पाहून होते. हात लावल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला मात्र इथे कंटाळा येईल.

वेस्ट टू वंडर, सराय काले खान. २०१९मध्ये महापालिकेने भंगारातून जगातली सात आश्चर्ये इथे उभी केली. संध्याकाळी दिवे लागतात. व्हीलचेअरने फिरता येते आणि गोवा एक्सप्रेसने येणाऱ्यांना निजामुद्दीन स्थानक तिथून जवळ.

सुंदर नर्सरी, निजामुद्दीन. हुमायूनच्या कबरीशेजारची मोठी बाग, २०१८मध्ये नव्याने खुली झाली. रुंद सपाट वाटा, हिरवळ, पाणी. राइड नाहीत, पण मोठ्या बागेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इथे मोकळा श्वास घेता येतो.

राष्ट्रीय संग्रहालय, जनपथ. इथल्या ‘अनुभव’ दालनात हात लावून पाहण्याच्या प्रतिकृती आहेत. दृष्टिहीन मुलासाठी मुद्दाम जावे.

अक्षरधाम. ब्लू लाइनवर थेट. आतली नावेची सफर मुलांना आवडते. पण मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आत नेऊ देत नाहीत. टॅबलेटवरून बोलणाऱ्या मुलासाठी तो टॅबलेट म्हणजेच आवाज असतो, म्हणून आधी परवानगी मागा आणि चित्रांची कागदी कार्डे सोबत ठेवा.

नोएडा सेक्टर १८. इथली वर्ल्ड्स ऑफ वंडर ही राइड आणि पाण्याची बाग करोल बागेतून गाडी न बदलता गाठता येते. पंधरावे स्थानक. यमुना बँकेला मार्ग दुभागतो, म्हणून वैशालीची गाडी सोडून नोएडा इलेक्ट्रॉनिक सिटीची गाडी पकडा. परतीला मात्र टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा. थकलेल्या मुलाला संध्याकाळच्या मेट्रोत कोंबू नका.

फोनवर विचारायचे प्रश्न

बागेला आधी फोन करा आणि मग तेच प्रश्न ईमेलने पाठवा. लेखी उत्तर दारात कामाला येते.

- त्या दिवशी बाग आणि हव्या त्या राइड चालू आहेत का? शाळांच्या सहली आहेत का?
- रांगेत उभे न राहता बाहेर पडायच्या बाजूने आत घेता का? त्यासाठी कोणते कार्ड दाखवायचे?
- यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) तिकिटात सवलत आहे का? सोबत्याला आहे का?
- पथ्याचे जेवण, औषध आणि पाणी आत नेऊ देता का?
- व्हीलचेअरसाठी स्वच्छतागृह कुठे आहे? मोठ्या मुलाचा डायपर बदलायला आडवे करता येईल अशी जागा आहे का?
- आवाज नसलेली, पंखा असलेली बसायची खोली आहे का? प्रथमोपचाराची खोली तासभर वापरता येईल का?
- एकदा बाहेर पडून त्याच तिकिटावर परत येता येते का?

अमेरिकेत डिस्नेच्या बागांत ऑटिझमसारख्या स्थितीतल्या पाहुण्यांना रांगेबाहेर थांबून ठरल्या वेळी राइडला जायची सोय आहे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत २०१०मध्ये उघडलेली मॉर्गन्स वंडरलँड तर एका पित्याने आपल्या दिव्यांग मुलीच्या निमित्ताने उभारली. तिथे व्हीलचेअरसकट बसता येईल असे पाळणे आहेत आणि दिव्यांगांना प्रवेश मोफत आहे. आपल्याकडे असा एकसारखा नियम नाही. व्यवस्थापकावर बरेच अवलंबून असते, म्हणूनच आधी विचारून ठेवलेले बरे.

राइड आणि शरीर

उंचीची अट सगळ्यांना दिसते. तिच्यापलीकडच्या काही गोष्टी मुलाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्या लागतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. हिसका बसणारी राइड त्यांना धोक्याची. अनेकांना हृदयाचाही विकार असतो. डोक्यात शंट (पाणी काढणारी नळी) असलेल्या मुलाला टक्कर घेणाऱ्या गाड्यांत बसवण्याआधी विचारा. फिट येणाऱ्या मुलांपैकी काहींनाच लुकलुकत्या दिव्यांनी त्रास होतो. जागरण, चुकलेली गोळी आणि ऊन ही कारणे जास्त नेहमीची आहेत. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर पाण्यात आणि प्लास्टिकच्या घसरगुंडीवर बाहेरचा प्रोसेसर काढून ठेवावा, कारण घसरताना तयार होणारी स्थिर वीज त्याला बिघडवू शकते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पाठीला आणि मानेला आधार आहे का, दांडी त्याच्या अंगावर नीट बसते का, हे थांबलेल्या राइडमध्ये बसवून पाहा.

चालक नाही म्हणाला, तर कारण विचारा. राइड मध्येच बंद पडली तर शिडीने उतरावे लागते, किंवा दोन्ही हातांनी धरावे लागते, ही खरी कारणे आहेत. ‘अशी मुले आम्ही घेत नाही’ हे कारण होऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूने, पट्टा सैल वाटला किंवा दांडी लागली नाही, तर तिथल्या तिथे उतरा. एप्रिल २०२५मध्ये कापसहेड्यातल्या एका बागेत रोलर कोस्टरवरून पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. भिडेखातर बसून राहू नये.

मुलाला आधी सांगणे

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास एक साधी पद्धत रूढ केली: होणाऱ्या प्रसंगाची छोटी चित्रगोष्ट मुलाला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायची. दिल्लीच्या सहलीसाठी मोबाइलवरचे फोटो छापून अशी वही घरीच होते. ‘आपण मेट्रोत बसू. काका तपासतील. मग बाग येईल. रांग असेल. आवाज असेल. मी कान झाकू शकतो. मग आपण खोलीवर परत येऊ.’ शेवटचे वाक्य गाळू नका. परत यायचे आहे हे माहीत असले, की बरीच मुले मधला गोंधळ सोसतात.

मुलाच्या शाळेतल्या बाईंना किंवा थेरपिस्टना ही वही दाखवा. गोल फिरणे त्याला शांत करते की उलटी आणते, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आधी सांगू शकतात. दिल्लीत सल्ला हवा असेल, तर मेरी बरुआ यांनी १९९१मध्ये सुरू केलेली ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था जसोल्यात आहे.

पिशवीत काय

यूडीआयडी कार्ड आणि त्याची झेरॉक्स. डॉक्टरांचा सारांश. औषधे मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, एका दिवसाची जास्त. फिटसाठी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो आईच्या पर्समध्ये, सामानात नाही. कान झाकणारे हेडफोन, टोपी, गॉगल. ओळखीचा खाऊ: दशम्या, लाडू, जे मूल न कुरकुरता खाते ते. दिल्लीच्या मसालेदार छोले-भटुऱ्यांवर पहिल्याच दिवशी प्रयोग नको. बदलायचे दोन कपडे, डायपर, घडीची चटई, ओले टिश्यू. व्हीलचेअरच्या चाकात हवा भरायचा छोटा पंप.

बागेतला दिवस

आत गेल्यावर राइडकडे धावू नका. आधी स्वच्छतागृह, पाणी, शांत कोपरा आणि बाहेरचे दार शोधा. मग मुलाला एक राइड बाहेरून पूर्ण पाहू द्या. दोनदा पाहिली आणि तरी नको म्हणाले, तर नको. पहिली राइड सर्वांत सोपी असावी.

रांगेत एका मोठ्याने उभे राहायचे, दुसऱ्याने मुलाला घेऊन सावलीत थांबायचे, पाळी आली की फोन. दर तासाला पाणी आणि दहा मिनिटे काहीच न करणे. ठरलेल्या वेळेला निघा, मजा येत असली तरी. अजून एक राइड म्हणत थांबलो, की घरी येईपर्यंतचा सगळा रस्ता त्याची किंमत मोजतो.

सोबतच्या भावंडाला त्याचा स्वतःचा वेळ द्या. काकांनी किंवा मामांनी त्याला घेऊन तासभर हव्या त्या मोठ्या राइडमध्ये बसावे. भावामुळे आपले काहीच होत नाही, ही भावना मुले बोलून दाखवत नाहीत, पण धरून ठेवतात. आजी-आजोबांनाही निघण्याआधी सांगा, की मध्येच परतावे लागले तर त्यावर चर्चा नको.

अनावर झाले किंवा हरवले तर

मूल जमिनीवर लोळले, किंचाळले, तर गर्दी जमते आणि सल्ले सुरू होतात. मुलाशी कमी बोला, बघ्यांना एकाने दूर करा, उजेड आणि आवाज कमी असेल तिकडे न्या. रागावणे, लालूच दाखवणे तेव्हा उपयोगी पडत नाही. शमायला वेळ लागतो. त्यानंतर त्या दिवशी नवे काही नको.

पळून जाण्याची सवय असेल तर मनगटावर फोन नंबरचा पट्टा बांधा आणि ‘बोलत नाही’ असे हिंदीत लिहून कपड्याच्या आत चिठ्ठी शिवा. सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. हरवलेच तर प्रथम पाण्याकडे आणि मुलाला ओढ असलेल्या वस्तूकडे धावा, एकाने दारावर उभे राहावे, आणि लगेच ११२ला फोन करावा. लहान मुलांसाठी १०९८ आहे.

हक्काची बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. तो १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व येते. त्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांबद्दल आहे. म्हणजे बागेत जाणे ही कायद्याने दखल घेतलेली गोष्ट आहे. कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही सुगम्यतेचे नियम लागू करते. ८ नोव्हेंबर २०२४ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगम्यतेचे काही निकष केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते.

वाईट अनुभव आला तर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. बाग कुठल्या राज्यात आहे ते पाहा: रोहिणी आणि कापसहेड्यासाठी दिल्लीचे आयुक्त, नोएडासाठी उत्तर प्रदेशचे, गुरुग्रामसाठी हरियाणाचे. तारीख, वेळ, तिकीट, आधी झालेला ईमेल आणि नकार देणाऱ्याचे पद, एवढे असले तर तक्रार टिकते.

परतल्यावर

गावी गेल्यावर आठवडाभरात एक पान लिहा. काय जमले, किती वेळ जमले, कोणत्या क्षणी बिघडले, कुणी मदत केली. ज्या बागेने नीट वागवले तिला दोन ओळी कळवा, कारण पुढच्या वेळी त्याच कर्मचाऱ्याला ते आठवते. ते पान मुलाच्या शाळेतल्या इतर पालकांना द्या. कोणत्या हॉटेलची लिफ्ट किती रुंद आणि कोणत्या बागेत मागच्या दाराने आत घेतात, ही माहिती कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. ती जाऊन आलेल्या पालकांकडेच असते.